जुनी की नवी? आणि काजू फोडणारीचं काय?

पेन्शनवरची भांडणं ऐकून ऐकून दोन्ही बाजूंची वाक्यं आता पाठ झाली आहेत. एक म्हणतो, उभं आयुष्य सेवेत घालवलं, म्हातारपणी शेअर बाजाराच्या भरवशावर का सोडता? दुसरा म्हणतो, तुमच्या पेन्शनचा बोजा करदात्याने का म्हणून उचलायचा? मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा कोकणातल्या एसटी स्टँडांवर आणि चहाच्या टपऱ्यांवरही हाच सामना रंगला होता. माझ्या मते हा सामनाच चुकीच्या मैदानावर चालला आहे. पालघरपासून सावंतवाडीपर्यंत साठी ओलांडलेल्या बहुतेक माणसांना ना जुनी पेन्शन लागू आहे, ना नवी. आपल्याकडे म्हातारपणाचा हक्क नेमणुकीच्या कागदाला बांधून ठेवलाय, कष्टाला नव्हे. ही गाठ सुटत नाही तोवर जुनी परत आणा किंवा नवी दुरुस्त करा, किनाऱ्यावरच्या बहुसंख्य घरांत त्याने एक रुपया जास्तीचा येणार नाही.

याचा अर्थ संपावर गेलेल्यांचं म्हणणं खोटं होतं असा नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांची जुनी, सरकारने हमी दिलेली पेन्शन गेली आणि परिभाषित अंशदान योजना आली, म्हणजे पगारातून कापलेलं गुंतवून जे जमेल त्यावरची पेन्शन; पुढे तीच राष्ट्रीय पेन्शन योजनेत वर्ग झाली. पगारातून कपात सुरू झाली, पण जिल्हा परिषदेच्या कित्येक शिक्षकांना त्या कपातीचा हिशेब वर्षानुवर्षं धड मिळाला नाही. सेवेत असताना माणूस गेला तर मागे राहिलेल्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला २०२३ साल उजाडावं लागलं. ज्या योजनेत माणसाला आपले किती पैसे जमले हे कळत नाही आणि शेवटी किती मिळतील हे कुणी सांगत नाही, तिच्यावर त्याने विश्वास ठेवावा तरी कसा? म्हणून कर्मचाऱ्यांचा राग रास्त आहे. आणि तो सरकारपर्यंत पोचलाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली: २५ वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, तीही महागाईशी जोडलेली. दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. संघटनेचं बळ असलं की मंत्रालय रविवारीही उघडतं, एवढं तरी त्यातून दिसलं.

तिजोरीची काळजी करणाऱ्यांचं म्हणणंही उडवून लावता येत नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा मोठा वाटा जातो, मग रस्त्याला, दवाखान्याला, धक्क्याला उरतं ते उरतं. आज दिलेल्या आश्वासनाचं बिल वीस-तीस वर्षांनी येतं आणि ते दुसऱ्याच पिढीला भरावं लागतं, हे गणित खरं आहे. पण या बाजूचा 'करदाता' म्हणजे नेमका कोण? आयकर भरतो तेवढाच? वेंगुर्ल्यातल्या कारखान्यात काजू फोडणारी बाई साबणावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरते. सरकारी पेन्शनीत तिचाही वाटा आहे. तिला बदल्यात काय मिळतं, हा प्रश्न 'करदात्याच्या बाजूने' बोलणारे विचारत नाहीत. कर्मचाऱ्यांचे नेतेही विचारत नाहीत. उलट 'आम्हाला नसेल तर कुणालाच नको' या थराला वाद जातो आणि ज्याला काहीच नाही त्याचं उदाहरण देऊन ज्याला थोडं आहे त्याचं काढून घेण्याची भाषा सुरू होते. हा मत्सर झाला. याला कुणी न्याय म्हणू नये.

या दोघांच्या मधली एक पायरी आहे, तिच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. एसटीचा ड्रायव्हर घ्या. कशेडी, आंबा, करूळ असे घाट रात्री-अपरात्री चढवले-उतरवले, गणपतीत घरचा गणपती सोडून चाकरमान्यांना गावी पोचवलं. लोकांच्या लेखी तो सरकारी माणूस. कागदावर मात्र तो महामंडळाचा कर्मचारी, म्हणजे त्याची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. तिचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, पेन्शनसाठी सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच धरायचा. म्हणजे तीस वर्षं पूर्ण पगारमर्यादेवर काढली तरी हातात सात हजारांच्या आतच. आणि आज निवृत्त होणाऱ्यांची तर बरीचशी वर्षं ६,५०० च्या जुन्या मर्यादेतली, त्यामुळे कित्येकांची पेन्शन दोन-तीन हजारांवरच अडते. किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरली आणि दहा वर्षं उलटून गेली तरी तिथेच बसली आहे. या पेन्शनीला महागाई भत्ता नाही. तांदूळ, गॅस आणि रक्तदाबाची गोळी यांचे भाव काय फक्त सरकारी पेन्शनरासाठीच वाढतात? २०२१-२२ चा एसटीचा लांबलेला संप आठवा. महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण करा ही मागणी अव्यवहार्य होती असं आजही अनेकांना वाटतं, मलाही तिच्यातलं सगळं पटत नाही. पण ती एवढी चिवट का होती, हे या सूत्रात दडलंय.

आता पायऱ्या संपल्यावर जे अंगण लागतं तिथे या. कोकणातल्या काजू कारखान्यात बी फोडणं, साल काढणं, प्रतवारी करणं ही कामं मुख्यतः बायका करतात, आणि बहुतेक ठिकाणी मजुरी किलोवर. बी फुटताना टरफलातलं तेल बोटांवर येतं. राख चोळा, खोबरेल लावा, काळेपणा जात नाही. कातडी भाजते, सोलवटते, पुन्हा येते ती गुळगुळीत. वीस वर्षं हे काम केलेल्या बाईचा अंगठा आधारच्या मशीनवर ठेवला की मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही. मग पुसा, पाण्याने धुवा, दुसरं बोट ठेवा, उद्या या. म्हणजे ज्या कामाने बोटाचा ठसा गेला, त्या कामाचा दाखला कुठेच नाही, आणि ठसा गेला म्हणून हयातीचा दाखलाही अडतो. भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ चा कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू. हजेरीपत्रकावर एकोणीसच नावं ठेवायची, किंवा एकाच आवारात नवऱ्याच्या नावाने एक युनिट आणि बायकोच्या नावाने दुसरं दाखवायचं, ही काही गुप्त विद्या नाही. बायकाही कधीकधी 'पैसे कापू नका, रोख द्या' म्हणतात, हे खरं आहे. त्यात त्यांचं काय चुकतं? दहा वर्षं सेवा भरली तरच पेन्शन. आणि पावसाळ्यात काम थांबलं, पुढल्या हंगामात दुसऱ्या कारखान्यात लागलं, तिथे नोंदच नाही, की झालं. कापलेल्या पैशाचं पुढे काय होतं हे त्यांनी शेजारणीच्या वेळी पाहिलेलं असतं.

'हंगामी काम आहे, मालक बदलतो, नोंद कशी ठेवणार?' हा सगळ्यात जुना आक्षेप, आणि वरवर पाहता वजनदार. त्याला उत्तर महाराष्ट्रानेच पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दिलंय. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाला एक मालक नव्हता. सकाळी या व्यापाऱ्याचा माल, दुपारी त्या. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी होती: कामगार मंडळाकडे नोंदवायचा, आणि माल ज्याचा त्याने मजुरीवर ठरावीक लेव्ही, म्हणजे जादा वर्गणी, मंडळाकडे भरायची. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा हे सगळं त्यातून. मालक रोज बदलला तरी हक्क बदलत नाही. आता देवगडच्या हापूसची एक पेटी डोळ्यांसमोर आणा. झेल्याने आंबा उतरवणारा गडी, पेंढा घालून पेटी भरणारी बाई, वर्षभर बागेत राहणारा नेपाळी राखणदार, यांच्यापैकी कुणाच्याही नावावर म्हातारपणासाठी छदाम जमा होत नाही. तीच पेटी रात्रीच्या ट्रकने वाशीच्या बाजारात पोचली, की तिथे ती खाली उतरवणाऱ्या नोंदणीकृत माथाडीच्या खात्यात तिच्यापोटी निधी पडतो. पेटी तीच, फळ तेच, राज्यही तेच. मग देवगडातला हात आणि वाशीतला हात यांच्यात कायद्याने फरक का करावा?

माथाडी मंडळांत पुढे काय काय शिरलं हे मला ठाऊक आहे. बोगस नोंदण्या, न उचललेल्या मालाची वसुली, संघटनांच्या नावाखाली दमदाटी. उद्योजकांच्या या तक्रारी सगळ्याच बनावट नाहीत. पण वसुलीबहाद्दर शिरले म्हणून मूळ कल्पना बाद होत नाही; तसं असतं तर सहकारी बँका आपण केव्हाच बंद केल्या असत्या. शिवाय हीच वाट याच किनाऱ्यावर थोडं खाली गेलं की दिसते. केरळात काजू कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७९ चा, मच्छीमारांच्या निधीचा १९८५ चा. तिथेही पेन्शनचे हप्ते थकतात, त्यावरून सरकारं अडचणीत येतात. पण थकलेला हप्ता मागायला तरी हक्क लागतो. आमच्याकडे मागायचं काय, हाच प्रश्न आहे.

मासेमारीत तर नोंदीचा प्रश्न आणखी सोपा आहे. हर्णैला, मिरकरवाड्याला, मालवणला मासळी किनाऱ्याला लागली की लिलावात बोली लागते; कुणाच्या होडीची किती पाटी, कुणी घेतली, किती दराने, हे दलालाच्या वहीत असतंच. निर्यातीला जाणाऱ्या कोळंबीचा हिशेब तर कारखान्यापासून बंदरापर्यंत कागदावर असतो. खलाशाला पगार नाही, वाटा असतो, हंगामाआधीची उचल असते, त्यामुळे 'नोकर' या व्याख्येत तो बसत नाही, हे कबूल. पण लेव्ही मासळीच्या पहिल्या विक्रीवर घेतली तर ती व्याख्या लागतेच कशाला? समुद्रात अपघाती मृत्यू झाला तर नोंदणीकृत मच्छीमाराच्या घरी पाच लाखांचा विमा येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र आपल्या व्यवस्थेला खलाशी बुडाला तर मोजता येतो आणि म्हातारा होऊन किनाऱ्यावर जाळी विणत बसला तर मोजता येत नाही, हे काही पटण्यासारखं नाही.

इथे बागायतदार म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की आमचंच कंबरडं मोडलंय. अवकाळी पाऊस, फुलकिडे, कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला जातो तो वेगळाच; वर आणखी लेव्ही? शंभर-दीडशे कलमांच्या मालकाला म्हातारपणी पेन्शन कुठे आहे? नाहीच. म्हणून लेव्ही बागेच्या दारात बसवणं चूक ठरेल. ती घाऊक बाजारात, कॅनिंगच्या कारखान्यात, निर्यातीच्या टप्प्यावर, जिथे पैसा जमतो तिथे बसवावी लागेल, आणि छोट्या बागायतदारालाही कामगाराइतकाच त्या निधीचा सभासद करावं लागेल. एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला मजूर, असं चित्र कोकणात फार ठिकाणी जुळतही नाही. इथला माणूस मे महिन्यात आपल्या चार कलमांचा मालक असतो आणि नोव्हेंबरात दुसऱ्याच्या भातावर मजूर.

'स्वेच्छेच्या योजना आहेत की!' असं सांगितलं जातं. आहेत. २०१५ ची अटल पेन्शन, २०१९ ची श्रमयोगी मानधन. दोन्हींत शिरायचं वय १८ ते ४०. म्हणजे योजना आली तेव्हा जी पंचेचाळीशीची होती, ती काजू कामगार आरंभालाच बाद. जी तेव्हा तिशीची होती आणि श्रमयोगीत शिरली, तिला २०४९ साली दरमहा तीन हजार मिळतील. तेव्हाच्या तीन हजारांत काय येईल? १९९५ साली हजार रुपये म्हणजे काय होते ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, उत्तर आपोआप मिळेल. आणि हप्ता ठरलेल्या वेळी भरायचा. जून-जुलैची मासेमारी बंदी, पावसाळ्यातलं रिकामपण, त्या महिन्यांत हप्ता कुठून भरायचा, याचा विचार योजनेच्या आराखड्यात नाही. सरकारची स्वतःची तऱ्हाही पाहा: अंगणवाडी सेविकेला पगार नाही, 'मानधन'. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. सरकारच मालक म्हणून अंग चोरत असेल, तर कारखानदाराकडे कुठल्या तोंडाने बोट दाखवणार?

पूर्वी हे कुठे होतं, असं म्हणणाऱ्यांनी दापोली आठवावी. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून 'कॅम्प दापोली' आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात लष्करातून निवृत्त झालेल्यांची वस्ती होती, त्यात महार पलटणीतले पेन्शनर होते. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथेच राहिले. गोपाळबाबा वलंगकरही लष्करी पेन्शनरच. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज करण्याची, धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारण्याची हिंमत वलंगकरांनी दाखवली. ती हिंमत त्यांची स्वतःचीच होती, पण महिन्याच्या महिन्याला येणारी, गावच्या खोताच्या मर्जीवर न चालणारी रक्कम पाठीशी होती, हेही विसरू नये. पेन्शनने म्हाताऱ्या माणसाच्या पोटाबरोबर त्याचं तोंडही मोकळं होतं. रामजींचा मुलगा, बाबासाहेब आंबेडकर, १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होता आणि कामगारांच्या आरोग्य विम्याचा आडारकर अहवाल त्याच काळात, १९४४ साली आला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. तेव्हाही गिरणीमालकांना हा बोजाच वाटत असणार. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीत पहिल्या सहा उद्योगांत कापड गिरण्या होत्या, म्हणून गिरणगावातल्या कोकणी माणसाला निधी मिळाला. पेन्शन मात्र नाही: १९७१ च्या योजनेत कामगार मेला तर विधवेला काही, जगला तर काही नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गावी परतलेल्यांच्या हाती जी एकरकमी पुंजी आली, ती घराच्या कौलांत, पोरीच्या लग्नात आणि जमिनीच्या कज्जात कधी संपली ते त्यांनाही कळलं नाही. पुढची तीस वर्षं ते कशावर जगले? मुलांच्या मनीऑर्डरीवर.

आणि हाच शेवटचा आक्षेप: मुलं सांभाळतात ना, आपली संस्कृती आहे. सांभाळतात, बरीचशी. पण २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया, कारण पुरुष मुंबईत. वाडीत चार घरं उघडी, त्यांत तीन म्हाताऱ्या. विरारच्या दोन खोल्यांत राहून कंत्राटी नोकरी करणारा मुलगा आईला किती पाठवणार? त्याला स्वतःलाच ना पेन्शन, ना निधी. सांभाळण्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकून आपण संस्कृतीचे गोडवे गातो.

पैसा कुठून येणार, याचंही उत्तर घरचंच आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली आणि तिच्या खर्चासाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापायचा आणि खडी फोडणाऱ्याला काम द्यायचं, असा तो सरळ सौदा होता. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर त्या मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. व्यवसाय कर आजही कापला जातो. त्याची घटनेतली कमाल मर्यादा १९८८ पासून वर्षाला २,५०० रुपयांवरच आहे. ती वाढवण्याची मागणी राज्यांनी लावून धरली आणि वाढीव रक्कम म्हातारपणाच्या पायाभूत पेन्शनीला बांधून दिली, तर मी माझ्या पगारातून कुरकूर न करता देईन. बरेच जण देतील असं मला वाटतं. निदान त्या कपातीचं नाव तरी कळेल.

लेव्ही, मंडळं, घटनादुरुस्ती याला वेळ लागेल हे मान्य. पण एक गोष्ट उद्या होण्यासारखी आहे. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधाराला महिना १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कुठलं कुटुंब जगतं? तलाठ्याकडे दाखला मागायला गेलेल्या म्हातारीला 'झील मुंबैक असा ना?' (मुलगा मुंबईला आहे ना?) एवढं विचारलं की विषय संपतो. दुसरीकडे लाडकी बहीण योजनेत तीच रक्कम, १,५०० रुपये, आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वय मात्र २१ ते ६५. म्हणजे बाई चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या मर्यादेत पात्र, आणि पासष्ट उलटली, हातातलं काम सुटलं, औषधं वाढली, की मर्यादा थेट २१,००० वर. हे कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. दोन विभागांनी दोन कागद काढले आणि ते एकमेकांना कुणी लावून पाहिले नाहीत. ही मर्यादा बदलायला विधिमंडळाचं अधिवेशनही लागत नाही. एक शासन निर्णय पुरतो. बहिणीचं नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं हे सगळं सरकारकडे आधीच भरलेलं आहे. ज्या महिन्यात तिला पासष्ट पूर्ण होतात, त्याच महिन्यापासून तिला त्याच उत्पन्नमर्यादेवर, नवा दाखला आणि नवा अंगठा न मागता, श्रावणबाळमध्ये वर्ग करा. पुढच्या वेळी पेन्शनसाठी समिती नेमाल, तेव्हा तिच्या कार्यकक्षेतलं पहिलं कलम हे असू द्या, आणि जुनी की नवी हे दुसरं.